बदलत्या त्वरणाखालील प्रभारित वस्तूंची गती

बदलत्या त्वरणाखालील प्रभारित वस्तूंची गती हा यामिकी आणि विद्युतशास्त्र या भौतिकशास्त्राच्या दोन शाखांना जोडणारा प्राथमिक विषय आहे. विद्युतप्रभार असलेल्या वस्तूवर दुसऱ्या प्रभारामुळे किंवा विद्युत क्षेत्रामुळे बल कार्य करते. हे बल बहुतेक वेळा स्थिर राहत नाही. वस्तू हलली की अंतर बदलते, अंतर बदलले की बल बदलते आणि बल बदलले की त्वरण बदलते. त्यामुळे एकसमान त्वरणासाठी मांडलेली गतीची तीन समीकरणे येथे थेट वापरता येत नाहीत.

अशा गतीचा अभ्यास करताना त्वरण नेमके कोणत्या राशीवर अवलंबून आहे, हे प्रथम ठरवावे लागते. ते स्थानावर अवलंबून असेल तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम उपयोगी पडतो. ते काळावर अवलंबून असेल तर काळानुसार बेरीज, म्हणजे समाकलन करावे लागते. ते वेगावर अवलंबून असेल तर वस्तू सीमांत वेगाकडे जाते. हे तिन्ही प्रकार अणुकेंद्राच्या शोधापासून नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी परिसराजवळच्या औष्णिक वीज केंद्रांतील राख वेगळी करणाऱ्या यंत्रणेपर्यंत अनेक ठिकाणी आढळतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' या पाठात गतीची तीन समीकरणे येतात. वेग, काळ, विस्थापन आणि त्वरण यांचा संबंध दाखवणारी ही समीकरणे त्वरण स्थिर आहे, या गृहीतकावर उभी आहेत. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ पडणारा दगड किंवा दोन समांतर पट्ट्यांमधील एकसमान विद्युत क्षेत्रात सोडलेला इलेक्ट्रॉन यांना ती लागू पडतात.

कूलोमच्या नियमानुसार दोन बिंदुप्रभारांमधील बल प्रभारांच्या गुणाकाराशी सम प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असते. शार्ल ओगुस्तीन द कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा नियम १७८५ मध्ये पिळाच्या तराजूच्या साहाय्याने मांडला. अंतर दुप्पट झाले की बल एक चतुर्थांश होते. त्यामुळे एकमेकांपासून दूर जाणाऱ्या किंवा एकमेकांकडे येणाऱ्या दोन प्रभारांचे त्वरण क्षणोक्षणी बदलत असते.

न्यूटनचा गतीविषयक दुसरा नियम मात्र या सर्व प्रकारांत कायम राहतो. कोणत्याही क्षणीचे त्वरण म्हणजे त्या क्षणीचे एकूण बल भागिले वस्तुमान. अडचण नियमाची नसून एका क्षणाच्या त्वरणावरून पुढील सर्व गती काढण्याची असते.

त्वरण बदलण्याची कारणे

प्रभारित वस्तूचे त्वरण पुढील कारणांनी बदलू शकते.

१. स्थान: विद्युत क्षेत्र सर्वत्र सारखे नसेल, तर वस्तू पुढे सरकताच बल बदलते. दोन बिंदुप्रभारांचे परस्पर आकर्षण व प्रतिकर्षण या प्रकारात मोडते.

२. काळ: क्षेत्र स्वतःच काळानुसार बदलत असेल, उदाहरणार्थ प्रत्यावर्ती विभवांतरामुळे निर्माण झालेले क्षेत्र.

३. वेग: हवा, वायू किंवा द्रव यांतून जाताना माध्यमाचा रोध वेगानुसार वाढतो. चुंबकीय क्षेत्रातील बलही वेगावर अवलंबून असते; मात्र ते नेहमी वेगाला लंब असल्याने वेगाची दिशा बदलते, परिमाण बदलत नाही.

४. प्रभार: प्रवासात वस्तूवरील प्रभार वाढला, घटला किंवा त्याचे चिन्ह बदलले, तर क्षेत्र तेच असूनही त्वरण बदलते.

प्रत्यक्षात यांतील दोन किंवा अधिक कारणे एकाच वेळी असू शकतात.

स्थानानुसार बदलणारे त्वरण

ऊर्जेची पद्धत

स्थिर प्रभारांमुळे निर्माण होणारे विद्युत बल अक्षय्य प्रकारचे असते. या बलाने केलेले कार्य केवळ आरंभीच्या आणि शेवटच्या स्थानांवर अवलंबून असते, मार्गावर नाही. म्हणून प्रत्येक स्थानाशी एक स्थितिज ऊर्जा जोडता येते. दोन बिंदुप्रभारांसाठी तिचे सूत्र असे आहे:

स्थितिज ऊर्जा = कूलोम स्थिरांक × पहिला प्रभार × दुसरा प्रभार ÷ अंतर

निर्वातातील (आणि जवळजवळ हवेतीलही) कूलोम स्थिरांक सुमारे ९ अब्ज न्यूटन-मीटर वर्ग प्रति कूलोम वर्ग आहे. रोध नसल्यास गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज कायम राहते. त्यामुळे मधल्या प्रत्येक क्षणीचे त्वरण माहीत नसतानाही कोणत्याही स्थानी वेग काढता येतो.

उदाहरण

प्रत्येकी १ मायक्रोकूलोम (१ कूलोमचा दहा लाखावा भाग) धन प्रभार असलेल्या दोन बिंदुवत वस्तू एकमेकींपासून १० सेंटिमीटर अंतरावर आहेत. एक वस्तू जागेवर पक्की बसवली आहे. दुसरीचे वस्तुमान १० ग्रॅम असून ती स्थिर स्थितीतून सोडली आहे. गुरुत्वाकर्षण व हवेचा रोध विचारात घेतलेले नाहीत.

सोडण्याच्या क्षणी बल ०.९ न्यूटन आणि त्वरण ९० मीटर प्रति सेकंद वर्ग येते. आरंभीची स्थितिज ऊर्जा ०.०९ ज्यूल आहे. अंतर २० सेंटिमीटर होते तेव्हा स्थितिज ऊर्जा निम्मी, म्हणजे ०.०४५ ज्यूल उरते. उरलेली ०.०४५ ज्यूल गतिज ऊर्जा झालेली असते. त्यावरून वेगाचा वर्ग ९ आणि वेग ३ मीटर प्रति सेकंद मिळतो. इतर अंतरांसाठी अशाच रीतीने काढलेली मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत.

| अंतर (सेंमी) | त्वरण (मी/से वर्ग) | गतिज ऊर्जा (ज्यूल) | वेग (मी/से) |
|---|---|---|---|
| १० | ९० | ० | ० |
| २० | २२.५ | ०.०४५ | ३.०० |
| ४० | ५.६ | ०.०६७५ | ३.६७ |
| १०० | ०.९ | ०.०८१ | ४.०२ |
| अनंत | ० | ०.०९ | ४.२४ |

त्वरण झपाट्याने कमी होत असताना वेग मात्र वाढतच राहतो. त्वरण घटणे म्हणजे वेग घटणे नव्हे; वेगवाढीचा दर मंदावणे होय.

याच उदाहरणात आरंभीचे त्वरण कायम धरून तिसरे समीकरण वापरल्यास २० सेंटिमीटर अंतरावरील वेगाचा वर्ग २ × ९० × ०.१ म्हणजे १८ आणि वेग ४.२४ मीटर प्रति सेकंद येतो. प्रत्यक्षात वस्तू या वेगाच्या केवळ जवळ जात राहते. मर्यादित अंतरावर तो कधीच गाठत नाही. चुकीच्या गृहीतकामुळे वस्तूला पहिल्या १० सेंटिमीटरांतच तिच्या संपूर्ण प्रवासात मिळू शकणारी सर्व ऊर्जा मिळाली, असे उत्तर येते.

दोन्ही टोकांच्या त्वरणांची साधी सरासरी (५६.२५) घेतली तरी वेग ३.३५ येतो, म्हणजे तोही चूक. व्यस्त वर्गाच्या बलासाठी अंतरावर घेतलेली खरी सरासरी ही दोन्ही त्वरणांचा भूमितीय मध्य असते. ९० आणि २२.५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ४५ आहे. तिसऱ्या समीकरणात ४५ ठेवल्यास वेगाचा वर्ग ९ येतो आणि ऊर्जेच्या पद्धतीशी उत्तर तंतोतंत जुळते. हा मेळ व्यस्त वर्गाच्या नियमापुरताच आहे. इतर प्रकारच्या बलांना तो लागू नाही.

लागणारा वेळ

ऊर्जेचा नियम वेग देतो, परंतु तेथे पोहोचण्यास किती वेळ लागला हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक लहान अंतराला त्या ठिकाणच्या वेगाने भागून मिळालेल्या काळांची बेरीज करावी लागते. वरील उदाहरणात ही बेरीज समाकलनाने केल्यास १० पासून २० सेंटिमीटर अंतरापर्यंत जाण्यास सुमारे ०.०५४ सेकंद लागतात. त्वरण ९० इतकेच स्थिर मानल्यास ०.०४७ सेकंद येतात. आरंभीच्या व शेवटच्या वेगाची सरासरी (१.५ मीटर प्रति सेकंद) वापरल्यास ०.०६७ सेकंद येतात. एक उत्तर खऱ्यापेक्षा कमी तर दुसरे जास्त आहे. सरासरी वेगाचे नेहमीचे सूत्रही एकसमान त्वरणापुरतेच खरे असल्याने असे घडते.

दोन्ही वस्तू मोकळ्या असल्यास

दोन्ही वस्तू सारख्या वस्तुमानाच्या आणि मोकळ्या असतील, तर मुक्त झालेली ऊर्जा दोघींत समान वाटली जाते. २० सेंटिमीटर अंतरावर प्रत्येकीची गतिज ऊर्जा ०.०२२५ ज्यूल आणि वेग २.१२ मीटर प्रति सेकंद असतो. वस्तुमाने भिन्न असतील तर संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम जोडीला घ्यावा लागतो. दोन्ही वस्तूंचे संवेग परिमाणाने सारखे व दिशेने विरुद्ध असल्याने हलक्या वस्तूस अधिक वेग आणि ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो. स्थितिज ऊर्जा ही दोन्ही वस्तूंच्या जोडीची असते; ती प्रत्येकीसाठी वेगवेगळी धरून दोनदा मोजणे चूक ठरते.

आकर्षण

प्रभार विजातीय असल्यास वस्तू जसजशी जवळ येते तसतसे त्वरण वाढत जाते. वरील उदाहरणात एक प्रभार ऋण केल्यास अंतर ५ सेंटिमीटर होताच वेग ४.२४ मीटर प्रति सेकंद होतो. आरंभीचे त्वरण स्थिर मानल्यास १० सेंटिमीटर अंतर कापण्यास ०.०४७ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात दोन्ही बिंदू सुमारे ०.०३७ सेकंदांतच एकत्र येतात. सूत्रानुसार शून्य अंतरावर त्वरण अनंत होते. खऱ्या वस्तूंना आकारमान असल्याने त्या त्याआधीच एकमेकींना टेकतात.

उदाहरणाची मर्यादा

कोरड्या हवेत सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटर क्षेत्रात ठिणगी पडते. त्यामुळे १ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर सुमारे ०.०३ मायक्रोकूलोमपेक्षा अधिक प्रभार टिकत नाही. वरील उदाहरणातील १ मायक्रोकूलोम हा गणित सोपे करण्यासाठी निवडलेला आदर्श आकडा आहे. प्रयोगशाळेत घासून प्रभारित केलेल्या लहान वस्तूंवरील प्रभार याहून पुष्कळ कमी असतो.

अल्फा कण आणि अणुकेंद्र

स्थानानुसार बदलणाऱ्या त्वरणाचे इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे अल्फा कणांचे विकिरण. हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी १९०९ मध्ये मँचेस्टर येथे धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले. काही कण जवळजवळ आल्या वाटेने परतले. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये यावरून अणूचा धन प्रभार अतिशय लहान केंद्रात एकवटलेला असल्याचे दाखवले.

५० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण सोन्याच्या अणुकेंद्राच्या रोखाने सरळ जात असेल, तर त्याची सर्व गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत रूपांतरित होते तेथे तो क्षणभर थांबतो. हे अंतर सुमारे ४५ फेम्टोमीटर येते (१ फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग). त्या ठिकाणी एकाच कणावर सुमारे १८ न्यूटन बल असते. जवळपास दोन लिटर पाण्याच्या वजनाइतके हे बल आहे. वेग शून्य असतो त्याच क्षणी त्वरण सर्वाधिक असते. म्हणूनच कण तेथे थांबून न राहता मागे फेकला जातो.

काळानुसार बदलणारे त्वरण

क्षेत्र सर्वत्र सारखे, पण काळानुसार ज्या-वक्राप्रमाणे (साइन) बदलणारे असेल, तर त्वरणही तसेच मागेपुढे होते. क्षेत्र बदलत असल्याने येथे ऊर्जेची बेरीज कायम राहत नाही. प्रत्येक लहान कालावधीतील वेगबदलांची बेरीज करूनच वेग काढावा लागतो.

येथे आरंभाचा क्षण महत्त्वाचा ठरतो. क्षेत्र कमाल असताना कण स्थिर स्थितीतून सोडला, तर तो एका ठरावीक पट्ट्यात मागेपुढे होत राहतो. क्षेत्र शून्यातून वाढू लागतानाच सोडला, तर मात्र तो सतत एकाच दिशेने पुढे जातो. पहिल्या अर्ध्या आवर्तनात त्याला वेग मिळतो. दुसऱ्या अर्ध्या आवर्तनात उलट त्वरणामुळे तेवढाच वेग कमी होऊन तो शून्यावर येतो आणि पुन्हा पुढे निघतो. त्वरणाची सरासरी शून्य असूनही विस्थापन वाढत राहते.

घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते. या वारंवारतेच्या, कमाल १० हजार व्होल्ट प्रति मीटर तीव्रतेच्या क्षेत्रात मोकळा इलेक्ट्रॉन मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ७ मायक्रोमीटर इतकाच हलतो. त्याचे कमाल त्वरण प्रचंड असते. परंतु दिशा इतक्या लवकर पालटते की त्याला दूर जाण्यास अवधीच मिळत नाही.

वेगानुसार बदलणारे त्वरण

हवेतून किंवा वायूतून जाणाऱ्या सूक्ष्म प्रभारित कणावर विद्युत बलाबरोबर माध्यमाचा रोधही कार्य करतो. लहान कणांसाठी स्टोक्सच्या नियमानुसार हा रोध वेगाशी सम प्रमाणात असतो. सुरुवातीला वेग शून्य असल्याने रोध नसतो आणि त्वरण कमाल असते. वेग वाढताच रोध वाढतो व त्वरण घटते. रोध विद्युत बलाइतका झाला की त्वरण शून्य होते आणि कण एका ठरावीक वेगाने जाऊ लागतो. या वेगास सीमांत वेग म्हणतात.

वस्तुमान भागिले रोध-गुणांक या राशीस विश्रांतिकाळ म्हणतात. प्रत्येक विश्रांतिकाळात त्वरण आधीच्या सुमारे ३७ टक्के उरते. तीन विश्रांतिकाळ उलटले की कणाने सीमांत वेगाचा सुमारे ९५ टक्के भाग गाठलेला असतो. रॉबर्ट मिलिकन यांच्या तेलथेंबाच्या प्रयोगात याच सीमांत वेगाच्या मापनावरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढण्यात आला.

स्थिरविद्युत अवक्षेपक

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात दळलेला कोळसा जळाल्यावर उरणारी बारीक राख धुराबरोबर वर जाते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असल्याने ही राख मोठ्या प्रमाणावर असते. धुराड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती स्थिरविद्युत अवक्षेपकात अडवली जाते. या यंत्रणेस 'ईएसपी' या लघुनामाने ओळखले जाते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही यंत्रणा उद्योगांसाठी वापरात आणली.

अवक्षेपकात उभ्या धातूच्या पट्ट्यांच्या रांगा आणि त्यांच्या मधोमध बारीक तारा किंवा टोकदार इलेक्ट्रोड असतात. तारांना अनेक दशसहस्र व्होल्टचा ऋण विभव दिला जातो. तारेजवळचे क्षेत्र इतके तीव्र होते की तेथील वायूचे आयनीभवन होते. यास करोना विसर्जन म्हणतात. ऋण आयन राखेच्या कणांवर बसतात आणि प्रभारित कण पट्ट्यांकडे ओढले जातात. पट्ट्यांवर साचलेला थर ठरावीक काळाने ठोके देऊन खाली हॉपरमध्ये पाडला जातो.

कणाच्या गतीचा अंदाज

कणाचा व्यास १० मायक्रोमीटर, घनता २,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, क्षेत्र ३ लाख व्होल्ट प्रति मीटर आणि वायूचे तापमान सुमारे १४० अंश सेल्सिअस मानल्यास पुढील अंदाज मिळतात.

| राशी | १० मायक्रोमीटरचा कण | १ मायक्रोमीटरचा कण |
|---|---|---|
| प्रभार (अतिरिक्त इलेक्ट्रॉन) | सुमारे १०,००० | सुमारे १०० |
| आरंभीचे त्वरण (मी/से वर्ग) | सुमारे ४८० | सुमारे ४,८०० |
| विश्रांतिकाळ | ०.५ मिलिसेकंद | ५ मायक्रोसेकंद |
| सीमांत वेग | २३ सेंमी/से | २.३ सेंमी/से |
| २० सेंमी अंतरास लागणारा वेळ | ०.९ सेकंद | ९ सेकंद |

मोठ्या कणाचे आरंभीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळपास ४९ पट आहे. ते कायम राहिले असते, तर २० सेंटिमीटर अंतर त्याने सुमारे ०.०३ सेकंदांत कापले असते. प्रत्यक्षात पाव मिलिमीटर जाईपर्यंतच त्वरण जवळजवळ संपते आणि उरलेला प्रवास सीमांत वेगाने होतो. लहान कणाचे आरंभीचे त्वरण मोठ्यापेक्षा दहापट आहे, तरी पट्टीपर्यंत पोहोचण्यास त्याला दहापट अधिक वेळ लागतो. त्वरण किती आहे यापेक्षा ते किती काळ टिकते, हे येथे निर्णायक ठरते.

कणावर प्रभार साचण्यास साधारणतः विश्रांतिकाळापेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष कण एकदम सीमांत वेगास न पोहोचता, त्याचा वेग वाढत्या प्रभाराच्या मागोमाग वाढतो. शिवाय अवक्षेपकातील वायू खळाळता असल्याने कण सरळ रेषेत जात नाहीत. राख अडवण्याचे प्रमाण सीमांत वेग, पट्ट्यांचे क्षेत्रफळ आणि वायूचा प्रवाह यांच्याशी घातांकी सूत्राने जोडलेले असते. वाल्थर डॉइच यांनी १९२२ मध्ये मांडलेले हे सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. या सूत्रानुसार राखेचे पहिले ९० टक्के अडवण्यास जेवढे क्षेत्रफळ लागते, तेवढेच आणखी क्षेत्रफळ उरलेल्यातील ९० टक्के अडवण्यास लागते.

सर्वांत कठीण कण साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटर व्यासाचे असतात. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणारे कणही याच मापाचे असल्याने हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. राखेची विद्युतरोधकता हाही एक अडथळा आहे. कमी गंधक आणि अधिक सिलिका व अॅल्युमिना असलेल्या भारतीय राखेची रोधकता जास्त असते. त्यामुळे पट्टीवर साचलेल्या थरातच विसर्जन सुरू होऊन कणांवरील प्रभार कमी होऊ शकतो.

पारशिवनी परिसर

पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्यातून पेंच नदी वाहते आणि नवेगाव खैरी येथे तिच्यावर धरण आहे. तालुक्याच्या दक्षिणेस खापरखेडा (१,३४० मेगावॅट) आणि कोराडी ही महानिर्मिती कंपनीची दोन मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. कोराडी येथे प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन संच आहेत. पेंच प्रकल्पाचे पाणी या केंद्रांना पुरवले जाते. पारशिवनी तालुक्यात गोंडेगावसारख्या कोळशाच्या खाणीही आहेत.

केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांच्या धुरातील कणांसाठी नवी मानके अधिसूचित केली. २००३ अखेरपर्यंतच्या संचांसाठी प्रति प्रमाण घनमीटर १०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांसाठी ५० मिलिग्रॅम आणि २०१७ पासूनच्या संचांसाठी ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवण्यात आली. डॉइच यांच्या सूत्रामुळे मर्यादा जितकी कडक, तितका अवक्षेपक मोठा करावा लागतो.

अवक्षेपकाने अडवलेली राख नाहीशी होत नाही. ती केवळ धुरातून वेगळी होते. सिमेंट, विटा आणि भराव यांसाठी वापरून उरलेली राख पाण्यात कालवून तलावांत साठवली जाते. पारशिवनी तालुक्यातील नांदगाव येथील अशा राख-तलावास स्थानिकांनी विरोध केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तेथे पाहणी करून राख टाकणे थांबवण्याचे निर्देश दिले. तलाव कोरडा पडल्यावर वाऱ्याने उडणाऱ्या राखेवर अवक्षेपकातील विद्युत बल नसते. तेथे १ मायक्रोमीटरचा कण केवळ गुरुत्वाने सेकंदाला मिलिमीटरच्या शतांशांइतकाच खाली येतो आणि दीर्घकाळ हवेत तरंगू शकतो.

प्रभार बदलल्याने बदलणारे त्वरण

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक आहे. तो १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. त्याच्या मध्यभागी असलेल्या अग्रास जास्तीत जास्त १४ दशलक्ष व्होल्ट धन विभव देता येईल, अशी त्याची रचना आहे.

त्वरकात ऋण आयन सोडले जातात व ते धन अग्राकडे ओढले जातात. अग्राजवळ पातळ कार्बन पत्र्यातून किंवा वायूतून जाताना त्यांचे काही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि ते धन आयन बनतात. आता तेच अग्र त्यांना दूर ढकलते. एकच विभव अशा रीतीने दोनदा वापरला जातो. ऑक्सिजनचा आयन एका ऋण एककाने आत येऊन सहा धन एककांनी बाहेर पडला, तर दुसऱ्या टप्प्यात तेवढ्याच तीव्रतेच्या क्षेत्रात त्याचे त्वरण जवळपास सहापट होते. १४ दशलक्ष व्होल्टवर त्याला एकूण सातपट, म्हणजे ९८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते.

प्रारण

त्वरण असलेला प्रत्येक प्रभार विद्युतचुंबकीय तरंगांच्या रूपाने थोडी ऊर्जा बाहेर टाकतो. जोसेफ लार्मर यांनी १८९७ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार ही शक्ती प्रभाराच्या वर्गाशी आणि त्वरणाच्या वर्गाशी सम प्रमाणात असते. वरील उदाहरणातील १० ग्रॅमच्या वस्तूसाठी ती एका वॅटच्या परार्धांशाहूनही कितीतरी कमी येते. त्यामुळे प्राथमिक गणितांत ऊर्जेची बेरीज कायम राहते, असे मानणे योग्य ठरते.

प्रकाशाच्या जवळपास वेगाने चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी मात्र हे प्रारण दुर्लक्षिता येत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. दीर्घिकांकडून येणाऱ्या ज्या रेडिओ तरंगांचा ती वेध घेते, त्यांतील मोठा भाग अशाच इलेक्ट्रॉनांकडून येतो.

पद्धतीची निवड

| त्वरण कशावर अवलंबून | उपयुक्त पद्धत | थेट मिळणारी राशी |
|---|---|---|
| काहीही नाही (स्थिर) | गतीची तीन समीकरणे | वेग, काळ, विस्थापन |
| स्थान | ऊर्जेची अक्षय्यता | त्या स्थानीचा वेग |
| काळ | काळानुसार समाकलन | त्या क्षणीचा वेग |
| वेग (रोध) | विश्रांतिकाळ व सीमांत वेग | दीर्घकालीन वेग |

सूत्राने उत्तर मिळत नसेल, तर काळाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात त्वरण स्थिर मानता येते. तुकड्याच्या शेवटी नवे स्थान, नवा वेग आणि नवे त्वरण काढून पुढे जावे लागते. संगणकावर ही पद्धत सहज वापरता येते. तुकडे जितके लहान, तितके उत्तर अचूक येते. गतीची तीन समीकरणे अशा रीतीने बदलत्या त्वरणासाठीही उपयोगी पडतात. मात्र संपूर्ण प्रवासाला एकदम न लावता ती एकेका लहान तुकड्यापुरतीच लावावी लागतात.

हे सुद्धा पहा

कूलोमचा नियम
विद्युत क्षेत्र
स्थितिज ऊर्जा
न्यूटनचे गतीविषयक नियम
कोराडी औष्णिक विद्युत केंद्र
पारशिवनी तालुका